संगणकावरील तक्त्यांच्या फाइलींचीं मराठी नांवें : बिघाड व त्यावरील उपाय

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, येरवडा)

हल्लीं सहकारी सोसायटीचा क्वचितच असा एखादा व्यवहार उरला असेल कीं, जो संगणकावरील रकान्यांच्या तक्त्यावांचून, म्हणजे ज्यास आपण सर्वजण एक्सेलची फाइल म्हणतों तिच्यावांचून, पार पडतो. सभासदांची यादी, कर्जाची येणेंबाकी, खताची मागणी, अतिवृष्टीच्या अनुदानास पात्र ठरलेल्या खातेदारांचीं नांवें, हें सारें त्या तक्त्यांत भरलेलें असतें. देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालच्या जून महिन्यांत मंजूर केली. त्यानंतर तर खेडोपाडींच्या गटसचिवांसही या फाइलींशीं रोजचा संबंध आला आहे. या संबंधांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते, ती अशी कीं, फाइल आली आहे, दिसतेही आहे, परंतु ती उघडत नाहीं. किंवा उघडली तर भलतेंच कांहीं तरी दिसतें. चौकशी करतां बहुधा असें आढळतें कीं, फाइलीच्या अंगांत कांहींच दोष नसून दोष तिच्या नांवांत आहे, आणि तें नांव पाठविणारानें मोठ्या हौसेनें शुद्ध मराठींत लिहिलेलें आहे.

वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु यादी मुदतींत पोंचली नाहीं, किंवा पोंचली ती अर्धीच पोंचली, तर ज्याचें नांव गळलें त्या खातेदाराचे पैसे अडतात, आणि ते कां अडले हें त्यास कोणीच सांगूं शकत नाहीं. तो बिचारा तलाठ्याच्या सज्जांत, म्हणजे आतां ज्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, आणि तेथून तहसिलींत हेलपाटे घालीत राहतो. याकरितां हा बिघाड कसा ओळखावा, कोणता बिघाड दुरुस्त होतो व कोणता होत नाहीं, आणि मुळांत तो होऊंच नये म्हणून काय करावें, याचा थोडा अभ्यास सोसायट्यांच्या चिटणिसांनीं व जाणत्या सभासदांनीं करावा, अशा हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

प्रथम फाइलीचें नांव म्हणजे काय तें पाहूं. संगणकास अक्षर कळत नाहीं. त्यास फक्त आंकडे कळतात. कोणत्या अक्षरास कोणता आंकडा, हें एका कोष्टकानें ठरलेलें असतें. जगांतील बहुतेक सर्व लिप्यांसाठीं जें एक कोष्टक आज मान्य झालें आहे त्यास युनिकोड म्हणतात, व त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालीं निघाली. त्यांत देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत अशीं १२८ घरें दिलेलीं आहेत. या घरांची मांडणी परकीयांनीं आपल्या मनानें केलेली नव्हे. ती १९८८ सालच्या ‘इस्की’ नामक भारतीय कोष्टकावरून घेतलेली आहे. त्याच १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, व भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामीं तेथील जिस्ट विभागाचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आम्हां पुणेकरांस अभिमानाची वाटल्यास नवल नाहीं.

आमच्या येरवड्याचेंच नांव घेऊं. ‘येरवडा’ या शब्दांत डोळ्यांस चार अक्षरें दिसतात. यंत्रास मात्र त्या सहा खुणा आहेत : य, त्यावरील मात्रा, र, व, ड आणि काना. त्यांचे आंकडे अनुक्रमें २३५१, २३७५, २३५२, २३५७, २३३७ व २३६६ असे होतात. हे मोठे आंकडे सांठविण्याची व पाठविण्याची जी सर्वांत रूढ रीत आहे तीस यूटीएफ-८ म्हणतात. तींत देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात. बाइट म्हणजे संगणकाचें सर्वांत रूढ लहान माप समजावें. रोमन अक्षरास किंवा इंग्रजी आंकड्यास एकच बाइट पुरतो. म्हणजे ‘येरवडा’ हें नांव अठरा बाइटांचें झालें.

आतां पाठविणारानें एका कोष्टकानें लिहिलें व घेणाराच्या यंत्रानें दुसऱ्याच कोष्टकानें वाचलें, तर काय होईल? आपल्या नित्याच्या कामांतील उदाहरण देतों. जुन्या दस्तांत क्षेत्र २-२० असें लिहिलेलें आहे, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. तेंच एखाद्या नवख्या उमेदवारानें हेक्टर-आर समजून वाचलें, तर सुमारें एक हेक्टर एक आर जमिनीची दोन हेक्टर वीस आर झाली! आंकडा तोच, कागद तोच, शाईही पुसलेली नाहीं. फक्त कोष्टक बदललें. फाइलीच्या नांवाचा बिघाड नेमका याच जातीचा असतो.

फाइलीच्या आंतील मजकूर वाचण्याचें काम एकटें एक्सेल करतें. नांव मात्र पाठविणाराचा संगणक, त्याचा मोबाइल, ई-टपाल वाहून नेणारीं यंत्रें, अनेक फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा झिप प्रोग्रॅम, पेन ड्राइव्ह, सरकारी पोर्टल आणि शेवटीं घेणाराचा संगणक, इतक्या ठिकाणीं वाचलें जातें. यांपैकीं एकानें चुकीचें कोष्टक धरलें कीं पुढील सर्वांस चुकीचेंच नांव मिळतें. उलट, २००७ सालापासून एक्सेलची जी नवी फाइल होते, तिच्या आंतील मजकूर कोणत्या कोष्टकानें वाचावा हें तिच्यांतच लिहून ठेवलेलें असतें. म्हणून नांव विद्रूप झालें तरी आंतील सभासदांचीं नांवें बहुधा सुखरूप असतात. हा भेद वाचकांनीं पक्का ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व उपायांचा आधार तोच आहे.

येथें कोणी विचारील कीं, रशियन किंवा जपानी लोक आपल्या भाषेंत नांवें देतात, त्यांस ही अडचण येत नाहीं काय? त्यांसही येते, परंतु त्यांच्यापाशीं एक जुना उपाय आहे. युनिकोड येण्यापूर्वीं विंडोजमध्यें निरनिराळ्या भाषांसाठीं लहान लहान कोष्टकें होतीं. संगणकाच्या मांडणींत रशियन किंवा जपानी कोष्टक निवडलें कीं जुने प्रोग्रॅमही त्या भाषेंतील नांवें वाचूं लागतात. मराठीसाठीं किंवा हिंदीसाठीं विंडोजच्या मांडणींत असें लहान कोष्टक कधींच नव्हतें. देवनागरी तेथें आली ती थेट युनिकोडच्या वाटेनें. त्यामुळें जो प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा आहे, त्यास मराठी नांव कोणत्याही मांडणीनें वाचतां येत नाहीं. एक्सेलमधील मॅक्रो या प्रकारांत फाइल शोधण्याची जी जुनी आज्ञा आहे, ती मराठी नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हें देते, व मग ‘अशी फाइल नाहीं’ असें सांगून मोकळी होते. विंडोज १० पासून सर्वच जुन्या प्रोग्रॅमांस यूटीएफ-८ लागूं करण्याची एक सोय ‘प्रायोगिक’ अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. परंतु तिच्यामुळें दुसरे जुने प्रोग्रॅम बिघडण्याचा संभव असल्यानें सोसायटीच्या हिशेबाच्या संगणकावर ती लावूं नये, असें आमचें मत आहे.

आतां लक्षणें पाहूं. पीक पिवळें पडलें म्हणजे नत्र कमी पडलें कीं मुळाशीं पाणी सांचलें, हें ओळखल्यावांचून खत टाकणारा शेतकरी जसा फसतो, तसाच नांव बिघडलेलें पाहून लागलीच खटपटीस लागणारा चिटणीस फसतो. बिघाडाचीं रूपें निरनिराळीं आहेत व त्यांचे परिणामही निरनिराळे आहेत.

नांवाच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मुळींच घाबरूं नये. आंकडे बरोबर आहेत, कोष्टकही बरोबर आहे. फक्त त्या अक्षराचें चित्र काढण्यास लागणारा टंक त्या यंत्रावर नाहीं. मंगल किंवा निर्मला यांसारखा युनिकोड टंक बसविला कीं काम झालें. कधीं कधीं सर्व नांव ठीक दिसतें आणि एकच चौकट मध्यें येते; ती पुष्कळदां ‘ॲ’ या अक्षराची असते. हें अक्षर एकत्र रूपांत युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें, त्यामुळें त्यापूर्वींच्या टंकांत तें नसतें.

नांवाच्या जागीं परकी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर ती जरा निरखून पाहावी, कारण ती खिचडीच रोगाचें मूळ सांगते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेच्या तीन बाइटांपैकीं पहिला नेहमीं २२४ असतो व दुसरा १६४ किंवा १६५ असतो. हेच बाइट पश्चिम युरोपच्या कोष्टकानें वाचले तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, व त्याच्या मागें चार किरणें फुटलेलें लहान वर्तुळ किंवा जपानी येनचें चिन्ह, अशी जोडी पुनःपुनः दिसते. हें दिसलें कीं दोष ई-टपालाच्या किंवा सीएसव्ही फाइलीच्या वाटेवर झाला असें समजावें. परंतु त्या जागीं ग्रीक आल्फा व डोक्यावर नागमोडी रेघ असलेला रोमन एन अशी जोडी दिसली, तर दोष झिप गठ्ठ्याचा आहे. कारण झिपच्या मूळ रीतींत नांवें आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या जुन्या कोष्टकानें लिहिण्याचा प्रघात होता, व त्या कोष्टकांत २२४ म्हणजे आल्फा होय. यूटीएफ-८ नांवांची सोय झिपच्या नियमांत २००६ सालीं झाली; जुने प्रोग्रॅम ती पाळीत नाहींत. खिचडी कशीही असली तरी मूळ आंकडे शाबूत असतात, म्हणून हा बिघाड दुरुस्त होण्यासारखा आहे.

तिसरें रूप टक्क्यांच्या माळेचें. वेबवरून उतरवून घेतलेल्या फाइलीच्या नांवांत टक्क्याचें चिन्ह, मग दोन रोमन अक्षरें वा आंकडे, पुन्हां टक्का, अशी लांबच लांब रांग लागलेली असते. यांतही नाश कांहींच नाहीं. प्रत्येक बाइट तीन चिन्हांनीं लिहिला आहे एवढेंच. परंतु लांबी मात्र भयंकर वाढते. ‘येरवडा’ चोपन्न चिन्हांचा होतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ हें साधें नांव एकशें अडतीस चिन्हांचें होतें. एक्सेलला फाइलीचा संपूर्ण पत्ता, म्हणजे सर्व कप्प्यांचीं नांवें धरून, २१८ चिन्हांहून अधिक लांब चालत नाहीं. पंचवीस खुणांचें मराठी नांव माळेच्या रूपांत २२५ चिन्हें व्यापतें, म्हणजे तें एकटेंच ही मर्यादा ओलांडतें. वाटेंत एखाद्या यंत्रानें असें लांब नांव तोडलें, तर शेपटाकडील एक्सएलएसएक्स हीं अक्षरेंही तुटून जातात, व मग फाइल कोणत्या जातीची हेंच संगणकास कळेनासें होतें.

चौथें रूप सर्वांत घातक. नांवाच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें किंवा नुसत्या खालच्या रेघा दिसतात. येथें आंकडे शिल्लक राहिलेलेच नसतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमास जी खूण कळली नाहीं तिच्या जागीं त्यानें प्रश्नचिन्ह ठेवलें व मूळ आंकडा टाकून दिला. त्यांतून विंडोजमध्यें फाइलीच्या नांवांत प्रश्नचिन्ह चालतच नाहीं, म्हणून पुढचा प्रोग्रॅम त्याची रेघ करतो किंवा फाइल काढण्याचेंच नाकारतो. रेघा झाल्यानें काय अनर्थ होतो तो पाहा. समजा, जिल्ह्याच्या संघाकडे एका गठ्ठ्यांत पुणें जिल्ह्यांतील अकरा तालुक्यांच्या अकरा फाइली आल्या, व प्रत्येकीचें नांव तालुक्याचेंच आहे : खेड, भोर, मावळ, दौंड, हवेली, मुळशी, शिरूर, जुन्नर, पुरंदर, बारामती आणि इंदापूर. प्रत्येक खुणेस एक रेघ याप्रमाणें खेड व भोर यांच्या तीन तीन रेघा होतात. मावळ व दौंड यांच्या चार चार. हवेली, मुळशी व शिरूर यांच्या पांच पांच. जुन्नर व पुरंदर यांच्या सहा सहा. बारामती व इंदापूर यांच्या सात सात. गठ्ठा सोडतांना भोरची फाइल खेडच्या फाइलीवर बसूं पाहते. ‘जुनी काढून नवी ठेवूं काय?’ असें यंत्र विचारतें, व घाईंतला माणूस ‘होय’ म्हणतो. अकरांच्या पांच फाइली राहिल्या, सहा तालुके गेले, आणि यंत्रानें कोठेंही चूक झाल्याचें सांगितलें नाहीं! म्हणून असा प्रश्न पुढें येतांच हात आवरावा व पाठविणाराकडून नवा गठ्ठा मागवावा.

हाच नाश आंतील मजकुराचाही होऊं शकतो, पण तो एक्सेलच्या नेहमींच्या फाइलींत नव्हे. सीएसव्ही नांवाच्या साध्या स्वल्पविरामी फाइलींत होतो. आमच्या परिचयाच्या एका सोसायटींत सभासदांची यादी पोर्टलावर चढविण्यासाठीं साध्या सीएसव्ही रूपांत जतन केली गेली, व जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसण्यांत आली. पुन्हां उघडून पाहतात तों कर्जाच्या रकमा जशाच्या तशा, आणि नांवांच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हें. खाते क्रमांकावरून छापील खतावणीशीं ताडून एकेक नांव पुन्हां भरावें लागलें; छापील खतावणी होती म्हणून तेवढें तरी झालें. जतन करण्याच्या यादींत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा प्रकार एक्सेलच्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत आहे, तोच नेहमीं घ्यावा. आणि आलेली सीएसव्ही दोनदां टिचकी मारून उघडूं नये. रिकामें पान उघडून ‘डेटा’ या सदराखालील मजकूर-फाइल आणण्याच्या वाटेनें ती आंत घ्यावी, व मूळ कोष्टक कोणतें असें विचारलें असतां ६५००१, म्हणजेच यूटीएफ-८, हें निवडावें. खिचडी झालेल्या बहुतेक सीएसव्ही एवढ्यानें सुधारतात. मात्र खिचडी दिसत असतांना ती तशीच जतन करूं नये.

जाता जाता याच जातीची एक गोष्ट सांगतों. सर्व्हे नंबराचा पोटहिस्सा १२/१ असा रकान्यांत लिहिला कीं एक्सेल त्यास तारीख समजून १२ जानेवारी किंवा १ डिसेंबर करून टाकतें. तो रकाना आधींच ‘मजकूर’ या जातीचा ठरवून मग त्यांत लिहावें.

आतां एका सूक्ष्म प्रकाराकडे वळूं, कारण तो शेतकऱ्यांच्या फाइलींत हटकून आढळतो. दोन नांवें डोळ्यांस अगदीं एकसारखीं दिसतात आणि यंत्र तीं निराळीं मानतें. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दांतील अर्धचंद्राकार रफार घ्या. तो एकजण ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास, म्हणजे २३५३ या आंकड्यास, हलन्त जोडून काढतो. दुसऱ्याच्या कळफलकावर साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाची एक अदृश्य जोडखूण, अशा तीन खुणांनीं तोच रफार निघतो. तिसऱ्या ठिकाणीं, उदाहरणार्थ ॲपलच्या जुन्या फाइल-रचनेंत, ‘ऱ’ चे र आणि खालचा टिंब असे दोन तुकडे करून ठेवलेले असतात. छापून काढलें तर तिघांचा कागद एकच दिसेल. परंतु एका तक्त्यांतून दुसऱ्या तक्त्यांतील आंकडे ओढून आणणारें सूत्र लिहिलेलें असेल, आणि त्यांत नांव पहिल्या प्रकारें असून फाइल दुसऱ्या प्रकारची असेल, तर ‘फाइल सांपडत नाहीं’ असाच जबाब मिळतो. आणि फाइल तर समोर दिसत असते! अशा वेळीं नांव पुन्हां टंकून पाहण्यांत वेळ दवडूं नये, फाइलीचें नांवच बदलावें. तसेंच, या मासिकांत अनुस्वार जुन्या वळणानें छापतात, म्हणून येथें ‘गांव’ असें छापलें जातें. कचेरींत हल्लीं ‘गाव’ लिहितात. माणसास दोन्ही एकच, यंत्रास हीं दोन वेगळीं गांवें.

फाइल उघडत नसल्यास कोणत्या क्रमानें चालावें तें आतां सांगतों. प्रथम आलेल्या फाइलीची, किंवा गठ्ठ्याची, एक प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवावी व तिला हात लावूं नये. फाइल झिप गठ्ठ्यांत असेल तर गठ्ठ्याच्या आंतच टिचकी मारून ती उघडूं नये. आधीं बाहेर काढावी. मग ती एखाद्या थोड्या लांबीच्या पत्त्यावर, म्हणजे डी किंवा सी या मुख्य कप्प्यांतील एका आखूड नांवाच्या कप्प्यांत ठेवून तिचें नांव दोनचार इंग्रजी आंकड्यांचें करावें. निम्म्याहून अधिक फाइली येथेंच उघडतात. शेवटचें एक्सएलएसएक्स हें शेपूट आहे कीं नाहीं हें पाहावें. तुटलें असल्यास हातानें जोडावें. ‘फाइलीची जात किंवा शेपूट योग्य नाहीं’ असा निरोप एक्सेल देतें तेव्हां बहुधा कारण हेंच असतें. एखादें नांव इतकें विचित्र झालेलें असतें कीं तें बदलूंही देत नाहीं; तेव्हां काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची जी सोय आहे तींत डीआयआर, मग तिरकी रेघ व एक्स, असें लिहिल्यास प्रत्येक फाइलीचें जुन्या पद्धतीचें आठ अक्षरी आखूड नांव दिसतें, व त्या नांवानें ती बदलतां येते. सर्व संगणकांवर हीं आखूड नांवें तयार होत नाहींत. नसल्यास पाठविणारासच त्याच्या यंत्रावर नांव बदलून फाइल पुन्हां पाठविण्यास सांगावें. यांत संकोच धरण्याचें कारण नाहीं.

नांव बदलण्यापूर्वीं एक खबरदारी. त्या फाइलींतून दुसऱ्या तक्त्यांत आंकडे ओढलेले असतील तर नांव बदलतांच ते दुवे तुटतात. म्हणून दोन्ही तक्ते एकाच वेळीं उघडावे व पहिला नव्या नांवानें जतन करावा. मग दुसरा तक्ता नवें नांव आपोआप उचलतो, व त्यासही जतन करावें. पहिला तक्ता उघडतच नसेल तर दुसऱ्यांत ‘डेटा’ खालील दुव्यांच्या यादींत जाऊन मूळ बदलून द्यावें.

हे झाले उपचार. परंतु नांव मुळांतच कसें ठेवावें, हा खरा प्रश्न आहे. कित्येकजण सांगतात कीं, नांवें रोमन अक्षरांत लिहा म्हणजे झालें. हें आम्हांस अर्धेंच पटतें. येरवड्याचें नांव रोमन लिपींत कोणी व्ही घालून लिहितो, कोणी डब्ल्यू. कोणी मध्यें एक ए अधिक घालतो, कोणी गाळतो. १९३२ सालच्या ज्या कराराचें नांव आमच्या येरवड्यावरून पडलें, त्याच्या इंग्रजी लेखनांतही एकवाक्यता नाहीं. मग पंचवीस गांवांच्या फाइली पांच कारकुनांनीं रोमनमध्यें लिहिल्या तर शोधावयाच्या कशा? मराठी नांवाचा यंत्रास त्रास, रोमन नांवाचा माणसास त्रास.

महसूल खात्यानें हा प्रश्न संगणकापूर्वींच सोडविलेला आहे, याकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. गांवचे नमुने एकपासून एकवीसपर्यंत क्रमांकानें ओळखले जातात. फेरफाराची नोंदवही नमुना सहा, खातेदाराचा उतारा नमुना आठ-अ, आणि अधिकार अभिलेख व पीकपाहणी यांचा जो उतारा शेतकऱ्याच्या जिवाचा कागद, त्यास तर लांबलचक नांवानें कोणीच ओळखत नाहीं. निरक्षर म्हातारासुद्धां सातबारा म्हणतो. म्हणजे आंकडा हेंच त्याचें नांव झालें. अभिलेख कक्षांतही बस्त्यावर चिठ्ठी असते ती वर्गाची व क्रमांकाची. आंत काय आहे हें सूचीवरून पाहावयाचें. फाइलीचें नांवही असेंच असावें. मात्र गंमत अशी कीं, ७/१२ हें जसेंच्या तसें फाइलीस नांव म्हणून देतां येत नाहीं, कारण विंडोजमध्यें तिरकी रेघ ही कप्प्याची खूण असल्यानें नांवांत निषिद्ध आहे. अपूर्णविराम, तारा, अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह, कोनकंस व उभी रेघ हींही निषिद्ध आहेत. चौकोनी कंस विंडोजला चालतो, पण एक्सेलच्या सारांश-तक्त्यांत घोटाळा करतो, तोही टाळावा.

गांवासाठीं २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास दिलेला सहा आंकडी क्रमांक घ्यावा. मग वर्णलेखनाचा वादच उरत नाहीं. त्यानंतर आडवी रेघ देऊन वर्ष, महिना, दिवस या क्रमानें तारीख लिहावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. शेवटीं पुन्हां आडवी रेघ व कागदाचा प्रकार दोन आंकड्यांत. समजा, गांवाचा क्रमांक १२३४५६ आहे, तारीख ३१ मार्च २०२५ आहे, आणि येणेंबाकीच्या यादीस आपण ०४ हा प्रकार ठरविला आहे, तर नांव १२३४५६-२०२५०३३१-०४ असें होईल. येथें तें देवनागरी आंकड्यांत छापलें आहे. संगणकावर मात्र इंग्रजी आंकडेच टंकावे, कारण देवनागरी आंकडेही वर सांगितलेल्या १२८ घरांतच राहतात व तोच त्रास देतात. असें नांव शेपूट सोडून अठरा चिन्हांचें व अठराच बाइटांचें होतें. मघांशीं नुसत्या ‘येरवडा’ या शब्दास तितकेच लागले होते.

यावर कोणी म्हणेल कीं, ही मराठीची हेळसांड आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. सभासदाचें नांव, त्याच्या बापाचें नांव, गांव, शेताचें नांव, हें सारें तक्त्याच्या आंत अस्सल मराठींत आणि ७/१२ वर जसें आहे तसेंच लिहावें. तेथें रोमनचा शिरकाव मुळींच होऊं देऊं नये. तक्त्याच्या पहिल्या ओळींतच यादीचें संपूर्ण मराठी शीर्षक, सोसायटीचें नांव व तारीख घालावी, म्हणजे फाइलीचें नांव वाटेंत कोणी बदललें तरी कागद कशाचा तें उघडतांच कळतें. ज्या जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या टंकांत भरलेल्या आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांतील मजकूर यंत्रास रोमन आंकड्यांसारखाच असून वरून मराठी मुखवटा चढविलेला असतो. नांव बदलून तेथें कांहीं साधत नाहीं, मजकूरच रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांतून काढावा लागतो, व त्यानंतर प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावें लागतें.

क्रमांकाची पद्धत चालावयाची तर सूची पाहिजे. एका तक्त्यांत फाइलीचा क्रमांक, तिचें पूर्ण मराठी नांव, कोणाकडून आली, कोणाकडे गेली व एकूण किती ओळी आहेत, एवढे रकाने ठेवावे. ओळींचा रकाना विशेष महत्त्वाचा : पाठविली तेव्हां ४१२ ओळी व पोंचली तेव्हां ४०९, असें निघाल्यास तीन खातेदार कोठें गळले याचा शोध त्याच दिवशीं करतां येतो. ही सूची दर महिन्यास छापून दप्तरीं लावावी, आणि तिच्या स्वतःच्या फाइलीस तीन शून्यें हें नांव द्यावें, म्हणजे कप्पा उघडतांच ती सर्वांत वर दिसते.